चिमूरवालीचं प्रकरण

ऐतिहासिक कादंबरी लिहिते आहे असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणत्या राणीवर? राणी नाही म्हटलं की चेहरा पडतो. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदीसाठी ज्या बायका काठ्या घेऊन जंगलात शिरल्या त्यांच्यावर, असं सांगितलं की म्हणतात, हे कसलं ऐतिहासिक, हे तर परवापरवाचं. तुमचं असेल परवाचं. ज्या बायकांनी ते केलं त्यांतल्या अर्ध्या गेल्या, उरलेल्यांना गुडघ्यावर हात टेकून उठावं लागतं, आणि त्यांच्या नातींना आजीने काय केलं होतं ते माहीत नाही. इतिहास व्हायला आणखी काय लागतं? घोडा?

मी गडचिरोलीत कॉलेजात शिकवते. सुट्टी आली की स्कूटी काढायची आणि धानोऱ्याकडच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांसमोर बसायचं, असं गेली काही वर्षं चाललं आहे. नवरा म्हणतो, घरचं काम टाळायला काढलेला उद्योग आहे हा. त्यात थोडं तथ्य आहे. पण खरं सांगायचं तर मला राग येतो. चिमूरच्या बेचाळीसच्या उठावाबद्दल आमच्याकडे शाळेतली पोरंही धडाधड बोलतात, हार-तुरे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण आपल्याच नवऱ्यांच्या, दिरांच्या भट्ट्या फोडणाऱ्या बायकांसाठी कुठे एक साधी पाटी नाही. कादंबरी या रागातून सुरू झाली.

त्या कादंबरीतलं एक प्रकरण मी यंदा पावसाळ्यात एका गावात वाचायला गेले, त्याची ही गोष्ट. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. तशी ती आमच्याकडे फारशी लागतही नाहीत. सून घरात आली की तिचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. सासू, जावा, शेजारणी, सगळ्या तिला माहेरच्या गावावरून हाक मारतात, ती म्हातारी होईपर्यंत. नाव फक्त मतदार यादीत आणि रेशन कार्डावर.

या गावात एक चिमूरवाली आहे आणि एक नागभीडवाली. चिमूरवाली गावातली, धानाची शेती असलेल्या घरातली. नागभीडवाली बोडीपलीकडच्या टोलीवरची, म्हणजे तळ्यापलीकडच्या वेगळ्या वस्तीतली, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांपैकी एका घरातली. दोघी आता सत्तरीच्या पुढच्या. बोडीवर समोरासमोर आल्या तर एक जण थांबते आणि दुसरी निघून जाते, इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींशी शब्द बोललेला नाही. थांबणारी नेहमी चिमूरवाली असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कारण गावात कोणालाही विचारा, सांगेल. दारूबंदीच्या दिवसांत नागभीडवाली महिला मंडळाची पुढारी होती. बायका जंगलात जायच्या, पण गावातल्या भट्ट्या सापडायच्या नाहीत. चार-पाच घरांनी मिळून नाल्याच्या आडोशाला जागा केली होती, मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली फुलं, ड्रममध्ये भरून ड्रम वाळूत पुरायचे आणि वर पाला टाकायचा. बायका शेजारून गेल्या तरी कळायचं नाही. मग एके दिवशी बायका सरळ त्याच जागी गेल्या, वाळू उकरली, ड्रम फोडले. मागोमाग पोलीस आले. चार-पाच माणसं धरली गेली, त्यांत चिमूरवालीचा नवरा होता. कोठडीतून तो परत आला तो मान खाली घालूनच. घराबाहेर पडेना, खाईना, आणि वर्ष संपायच्या आत गेला.

जागा कोणी सांगितली, यावर ग्रामसभा बसली. नाव आलं नागभीडवालीचं. तिने चोरून पाळत ठेवली आणि पोलिसांना खबर दिली, असं ठरलं. ती म्हणाली, मी नाही. जागा एका बाईने येऊन सांगितली, ती अंधारात दाराशी आली होती, तोंडावर पदर होता, मी ओळखलं नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून गावातल्या एकाही बांधीत तिला रोवण्याला, धानाच्या लावणीला, बोलावलं गेलं नाही. तिच्या मुलीच्या लग्नात गावातलं एकही माणूस जेवायला गेलं नाही, अन्न पडून राहिलं. ग्रामसभेत तिने पुन्हा पाय ठेवला नाही. गावाने दारू सोडली, पण जिने सोडायला लावली तिला माफ केलं नाही.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. मागच्या हिवाळ्यात चिमूरवालीने मला दुसरी सांगितली.

ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. मुलगा ट्रॅक्टर घेऊन बाहेर गेला होता. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, त्या दिवसांत काय रांधायच्या, सभा कुठे भरायची, असं. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, जागा म्या दाखवली."

मला आधी कळलंच नाही.

"नागभीडवालीच्या घरी मी गेली होती. पदर घेऊन. तिनं ओळखलं नाई. काऊन सांगतलं म्हणसान तर, माहा पोरगा. दहा-अकरा वर्साचा होता. बापानं त्याले शाळेतून काढून भट्टीवर बसवलं राखण कराले. एक दिवस थो घरी आला अन् त्याच्या तोंडाले वास होता. मंग मी त्याच्या मांगंमांगं गेली अन् जागा पाहून आली."

पुढे ती जे बोलली ते मी तिथेच अंगणात ऐकलं आणि घरी पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. नागभीडवालीची फुफ्फुसं गेली आहेत, दवाखाने सुरू आहेत. ती तो ठपका घेऊनच मेली तर मला मरताना थारा नाही, असं चिमूरवाली म्हणाली. आणि सांगितलं तर मुलाच्या घरात थारा नाही. बापाला जाऊन इतकी वर्षं झाली, मुलगा अजून त्याच्या फोटोला हात लावल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करत नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याने नागपूरला नेऊन करवलं, ताटात पहिला भात तिला वाढतो, आणि घरात नागभीडवालीचं नाव निघालं तर ताटावरून उठतो.

"तू लिव," ती म्हणाली. "नागभीडवालीनं नाई केलं, एवढं लोकायले कळू दे. कोणाच्यातरी बायकोनं केलं, अशी लिव. माहं नाव नोको टाकू."

मी कबूल केलं आणि लिहिलंही. गाव वेगळं घातलं. धरलेल्यांपैकी कोणी मेला, हे गाळलं. भट्टीवाले चार-पाच होते, तेव्हा जागा दाखवणारी बाई त्यांच्यापैकी कोणाचीही बायको असू शकत होती. भट्टीच्या राखणीलाही घराघरातली पोरं आळीपाळीने बसत. तिचं नाव मी कुठेच घातलं नाही. सगळ्या प्रकरणात तिचा उल्लेख एकाच शब्दाने केला, चिमूरवाली. वाचताना किती आपलं वाटतं ते, या कौतुकात मी होते. माझ्या सासरी मला आजही चंद्रपूरवाली म्हणतात, दिवसातून दहादा हाक येते, तरी माझी ट्यूब पेटली नाही.

छापायच्या आधी प्रकरण गावातल्या बायकांना वाचून दाखवीन, असा शब्द मी सगळ्यांना दिला होता. रोवणा आटपला, बायकांचे हात जरा मोकळे झाले, तसा अंगणवाडीच्या ताईंनी एक रविवार ठरवला. दुपारी, समाजमंदिरात. टोलीवरच्या बायकांनाही बोलवा, असं मी बजावून सांगितलं. नागभीडवालीने ते ऐकायलाच हवं होतं, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी?

मी पोचले तेव्हा समाजमंदिर भरत आलं होतं. गावातल्या बायका सतरंजीवर पुढे, टोलीच्या चार-पाच जणी मागे भिंतीला. नागभीडवाली दारालगतच्या खिडकीजवळ बसली होती, वारा लागावा म्हणून. मला पाहून "जय भीम, बाई" म्हणाली आणि खोकत राहिली. पहिल्या रांगेत चिमूरवाली. मी पिशवीतून कागद काढले, पाण्याची बाटली शेजारी ठेवली, तेवढ्यात एका म्हातारीने मागून आवाज दिला.

"ओ चिमूरवाली, जराशी सरक न तिकडे. दिसून नाई राह्यलं मले."

आणि चिमूरवाली सरकली.

मी हातातल्या कागदांकडे पाहिलं. भट्टीच्या एकाच पानावर तो शब्द तीनदा होता. सबंध गावात ही एकच चिमूरवाली. तिचं खरं नाव छापलं असतं तर कदाचित निम्म्या गावाला कळलं नसतं, आणि मी नेमकं तेच लिहून आणलं होतं ज्याने ती बोडीपासून रस्त्यापर्यंत ओळखली जाते.

पाणी भरून आणू, असं काहीतरी बरळून मी तिला हाताला धरून मागच्या ओसरीत नेलं आणि सांगितलं. खांबाला धरून ती खाली बसली.

"बदलते मी," मी म्हटलं. "वाचतानाच बदलते. ब्रह्मपुरीवाली म्हणते. कोणाला काही कळणार नाही."

आत बायकांची कुजबुज वाढत होती. अंगणवाडीच्या ताई दारातून एकदा डोकावून गेल्या.

"आपल्या गावात ब्रह्मपुरीवाली कोणी नाई," ती म्हणाली.

"म्हणूनच तर."

"मंग लोक म्हणतीन, बाईनं मनानं बनवलं. कादंबरी हाय, म्हणतीन. खरी तर नागभीडवालीच होती." तिने माझ्याकडे पाहिलं. "खोट्या बाईनं खऱ्या बाईचं नाव कसं धुवून निघीन, बाई?"

ऐतिहासिक कादंबरीत कल्पना किती आणि सत्य किती, यावर मी चर्चासत्रांत तासतास बोलले आहे. त्या ओसरीत मला एक वाक्य सुचेना. मी म्हटलं, आज वाचतच नाही. घसा बसला म्हणून सांगते. घरी जाऊन विचार करू.

"तिचा खोकला आयकला का तू?" तिने विचारलं. मग खांबाला धरून उठली. "जशी लिवलं तशीच वाच."

आम्ही आत आलो तर दारात तिचा मुलगा उभा होता. सोबत दोन माणसं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, मॅडमने भट्टीचं लिहिलं आहे.

"मॅडम, माह्या बापाचं लिवलं म्हणते तुम्ही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण बायका सावरून बसल्या. "आम्हीबी आयकतो. चालते न?"

चालत नाही असं म्हणायला हवं होतं. बायकांचं वाचन होतं ते. पण मी मान हलवली. त्याची आई जागेवर जाऊन बसली होती आणि समोर बघत होती. त्याने चौकटीला पाठ टेकली, हाताची घडी घातली. नागभीडवाली त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मी वाचायला लागले. सुरुवातीची पानं सोपी होती. बायका जंगलात वाट चुकतात आणि रानडुकराला भट्टीवाला समजून काठ्या उगारतात, तिथे सगळ्या हसल्या. एक म्हातारी तर "मीच होती थे" म्हणून ओरडली. मग चिमूरवाली हा शब्द आला आणि हसू ओसरलं. पुन्हा आला. काही डोकी पहिल्या रांगेकडे वळली. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज मलाच परका वाटला. वर बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून मी वाचतच गेले.

"चिमूरवाली मोहाच्या झाडाआड उभी राहिली. खाली नाल्याच्या वाळूवर पाला पसरलेला होता. तिचा पोरगा काठी घेऊन राखणीला बसला होता. बसल्याबसल्या त्याला झोप लागली होती. तिने जागा नीट डोळ्यात भरून घेतली आणि ती मागच्या मागे फिरली."

"झोपला नव्हता."

दारातून आवाज आला. मी थांबले.

"थो पोरगा झोपला नव्हता, मॅडम," चिमूरवालीचा मुलगा म्हणाला. "जागा होता. त्यानं पाह्यलं होतं मायले."

तो झोपलेला मुलगा मी रचलेला होता. जागा असता तर काय केलं असतं, हे मला लिहिता येईना, म्हणून मी त्याला झोपवला होता. लेखकाला हे फार सोपं असतं.

चिमूरवाली सतरंजीवर बसल्या जागी वळली. "तुले मालूम होतं?"

"हव."

"इतकी वर्सं? अन् बोलला नाई?"

"तू बोलली का?"

त्याच्यासोबत आलेल्या दोघांपैकी एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चाल म्हणाला, घरी बोलू. त्याने तो हात झटकला. घडी घातलेले हात सुटले होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"बाबाले नेलं तवा काकायनं मले गुरायच्या कोठ्यात नेलं. म्हणे, तू राखणीले होता, कोण आलं होतं सांग. नाई सांगतलं तर तुलेच मारतो म्हणे." तो आईशी बोलत होता, पण बघत खाली होता. "तुहं नाव घेतलं असतं तर त्यायनं तुले जित्ती ठेवली नसती, माय. मंग म्या नागभीडवालीचं घेतलं. थे पुढारी होती. सगळ्यायले पटलं."

पहिल्या रांगेत कोणीतरी रडायला लागलं. चिमूरवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. आई आणि मुलगा एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन, इतकी वर्षं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होते, आणि दोघंही दुसऱ्यासाठी. माझेही डोळे भरून आले. आणि आता खोटं कशाला बोलू, डोळे भरलेले असतानाच प्रकरणाचा शेवट किती छान मिळाला, असं माझ्या मनात येऊन गेलं.

तेव्हा नागभीडवाली बोलली. खिडकीचा गज धरून ती उभी राहिली होती.

"मायनं पोराले वाचवलं. पोरानं मायले वाचवलं. लय चांगलं केलं." तिला दम लागला, ती थांबली. "मले कोण वाचवणार होतं?"

चिमूरवाली उठून तिच्याकडे जायला लागली. नागभीडवालीने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

"माह्या पोरीच्या लग्नाचा भात कुत्र्यायनं खाल्ला. अजून सासरी बोलणे खाते थे, तुह्या गावचं कोणी जेवाले नाई आलं म्हणून. माहा मालक गेला तर खांद्याले चार माणसं टोलीवरचीच. मी म्हणत होती, मी नाई केलं. अन् केलं असतं तरी काय पाप केलं असतं? तुमच्याच पोट्ट्यायसाठी फिरत होती न मी काठी घेऊन?"

मुलगा तिच्या पायाशी वाकला. "काकी, चुकलं माहं," म्हणाला. तिने पाय मागे घेतले.

"इथी नाई," ती म्हणाली. "माहं नाव बायायपुढे नोहोतं घेतलं. ग्रामसभेत घेतलं होतं, सगळ्या माणसायपुढे. तिथी सांग."

आणि ती निघून गेली. टोलीच्या बायका तिच्यामागोमाग उठल्या. मी कागद आवरले. त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

ग्रामसभा होती पंधरा ऑगस्टला. मधल्या दिवसांत मी रोज अंगणवाडीच्या ताईंना फोन करत होते. चिमूरवाली घरातच होती, मुलाने तिला जा म्हटलं नव्हतं. पण बोलतही नव्हता, भात वाढून बाहेर जाऊन बसायचा. काकांची मुलं येऊन त्याला दोनदा समजावून गेली होती. घरातली गोष्ट घरात राहू दे, मेलेल्या माणसांची नावं ग्रामसभेत कशाला, तेव्हा तू पोर होतास, तुला कोण विचारतं. मग एक दिवस ताई म्हणाल्या, तो गेला. भामरागडकडे कोणाचं तरी सामान पोचवायला ट्रॅक्टर घेऊन गेला आणि मागे पूर आला, रस्ता बंद. फोन लागत नाही. गावात लोक म्हणू लागले, बरोबर वेळ पाहून गेला. मीही तेच म्हटलं. रागाने म्हटलं, आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर मी गावात पोचले. मला तिथे बसायचा अधिकार नव्हता, मी त्या गावची मतदार नाही. सरपंच बाईंनी मागे एक खुर्ची दिली आणि बोलायचं नाही असं बजावलं. ग्रामपंचायतीच्या पटांगणात मांडव घातला होता. माणसं खुर्च्यांवर, बायका एका बाजूला सतरंजीवर. चिमूरवाली आली होती. आणि नागभीडवालीही आली, मुलीचा हात धरून, थांबत थांबत. मांडवात शिरल्यावर कोणी तिला या म्हटलं नाही आणि कोणी जा म्हटलं नाही. ती पुढे जाऊन चिमूरवालीच्याच रांगेत, माणूसभर अंतर सोडून बसली.

सभा सुरू झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं, घरकुलांचा विषय झाला. तो आला नव्हता. नागभीडवाली एकदाही मागे वळली नाही. चिमूरवाली मात्र दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होती. माझा संताप होत होता, या माणसावर, या गावावर, आणि एक वाचन ठेवून हे सगळं उकरून काढणाऱ्या माझ्यावरसुद्धा. म्हातारी एवढ्या लांब चालत आली होती आणि आता सगळ्यांदेखत तशीच परत जाणार होती.

तो आला तेव्हा रस्त्यांवर चर्चा चालली होती. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, डोळे तांबारलेले. ट्रॅक्टर नदीपलीकडेच ठेवून नावेने आणि मग मिळेल त्या गाडीने आल्याचं नंतर कळलं. तो खुर्चीवर बसला नाही. "मले बोलाचं हाय," म्हणाला. सरपंच बाई विषयपत्रिकेचं काहीतरी म्हणत होत्या, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"भट्टीची जागा नागभीडवालीनं नाई सांगतली. म्या लहानपणी खोटं नाव घेतलं होतं, याच ग्रामसभेत काकायनं थे सांगतलं. जागा माह्या मायनं दाखवली. माह्यासाठी दाखवली. थे बरोबर होती. नागभीडवाली काकीवर आपण सगळ्यायनं अन्याय केला, अन् थो माह्यापासून सुरू झाला."

खुर्च्यांवरची माणसं जमिनीकडे बघत होती. जी मुलं त्याला समजवायला आली होती त्यांच्यापैकी एक उठून मांडवाबाहेर गेला. शेवटी एका म्हाताऱ्याने, जो त्या जुन्या सभेतही असणार, घसा खाकरला.

"झालं गेलं, बाई. पोरगा एवढ्या लोकायपुढे बोलला. आता माफ करून टाका त्याले."

सगळे नागभीडवालीकडे बघायला लागले. चिमूरवालीने पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर त्याला जवळ घेईल. आमच्या लिखाणात तसंच होतं.

"माफ नाई करत," ती उठून म्हणाली. "आयकलं मी. बोलला थे बरं केलं. पण माफीचं मले कोणी सांगू नोका."

ती खाली बसली. चिमूरवालीने मान हलवली, हो हो म्हटल्यासारखी, आणि तिचे डोळे वाहायला लागले. मुलगा तिच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसला, बायकांमध्ये. आईचा हात त्याने हातात घेतला. त्याच्या दुसऱ्या अंगाला नागभीडवाली होती. ती सरकली नाही.

सरपंच बाईंनी सचिवांना खूण केली आणि सचिवांनी घाईघाईने पुढचा विषय वाचला. नळ योजना. गावातलं काम पूर्ण झालं, जोडण्या दिल्या, सभेने मंजुरी द्यावी. दोघा-तिघांनी हात वर केले. सचिव मंजूर असं लिहायला वाकले, तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणीतरी उठताना खोकलं.

नागभीडवाली होती. एका हाताने तिने मुलीचा खांदा धरला होता.

"थांबा जी," ती म्हणाली. "आमच्या टोलीवर नळ काऊन नाई आला?"

सचिव म्हणाले, तो पुढच्या टप्प्यात आहे, बसा बाई. ती बसली नाही. कोणता टप्पा, कोणं ठरवला, कोणाले विचारून ठरवला, एकेक विचारत गेली. मध्येच दम लागला की थांबायची आणि पुन्हा तिथूनच सुरू करायची. सचिवांनी कागद चाळले, सरपंच बाईंकडे पाहिलं, पुन्हा कागद चाळले. मंजूर लिहिणं राहूनच गेलं. उत्तर मिळेपर्यंत ती उभी होती.